अर्ध्या तोळ्याची दारू

हे काडतूस हातात घ्या आणि बघून मागच्या रांगेकडे द्या. घाबरू नका, जिवंत नाही. लाकूड आणि पितळेचा नमुना आहे. आकार मात्र अस्सल. मार्टिनी-हेन्री या एकबारी रायफलीचे काडतूस. ब्रिटिश सैन्याने ही रायफल 1871 साली स्वीकारली. तिची यंत्रणा स्वित्झर्लंडमधल्या मार्टिनीची आणि नळी एडिंबरोच्या हेन्रीची. दस्त्याखालचा दांडा खाली ओढला की ठोकळा उतरतो, मागचे तोंड उघडते. एक काडतूस सरकवायचे, दांडा वर घ्यायचा, चाप ओढायचा. दुसरा बार हवा असेल तर पुन्हा पहिल्यापासून.

आत किती काय असते? दारू 85 ग्रेन, गोळी 480 ग्रेन. ग्रेन म्हटले की आपल्याला काही बोध होत नाही, पण 1833 साली कंपनी सरकारने तोळा ठरवला तो बरोबर 180 ग्रेनचा. तेव्हा सराफाच्या भाषेत सांगतो: अर्ध्या तोळ्याला जरा कमी दारू आणि पावणेतीन तोळ्यांना जरा कमी शिसे. शिशात थोडे कथिलही असते, बारा भागांस एक, नुसते शिसे फार मऊ पडते म्हणून.

पण दारू आणि गोळी एवढ्यावर काडतूस होत नाही. दारूवर कापसाचा बोळा, मग पुठ्ठ्याची चकती, मग मधमाश्यांच्या मेणाची खोलगट वडी, पुन्हा पुठ्ठा आणि मग गोळी. तीही उघडी नाही. ओला कागद तिच्याभोवती गुंडाळून वाळू देतात, तो अंगाला घट्ट बसतो. माझ्या मते या रायफलीची खरी हुशारी यंत्रणेत नाही, या मधल्या भरतीत आहे.

ही सगळी उठाठेव काजळीसाठी. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू जळते तेव्हा निम्म्याहून अधिक वजनाचा वायू होतच नाही. घन राख आणि धूर होतो. पाच-दहा बार काढले की नळीत कडक थर बसतो आणि नेम ढळायला लागतो. मेणाची वडी बारासरशी पुढे घासत जाते आणि तो थर मऊ ठेवते. कागद शिशाला नळीच्या आट्यांत चिकटू देत नाही आणि तोंडाबाहेर पडताच फाटून उडतो. कापूस आणि चकत्या दारूला दाबून धरतात. काळ्या दारूच्या आणि गोळीच्या मध्ये पोकळी राहता कामा नये. राहिली तर दाब भलत्या जागी चढून नळीला कड्यासारखा फुगवटा येऊ शकतो. आणि आजची बिनधुराची दारू अशा जुन्या नळीत भरणे म्हणजे स्वतःच्या तोंडासमोर बाँब धरणे. परदेशात ज्यांच्याकडे या रायफली आहेत, ते हौशी लोक 24 बोअरच्या, म्हणजे छर्ऱ्याच्या बंदुकीच्या, पितळी काडतुसांचे तोंड साच्यात आवळून हे कवच बनवतात, पण भरतीचा क्रम तोच ठेवतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरायचा विचारही मनात आणू नका.

एवढी काळजी घेणाऱ्यांनी एका ठिकाणी मात्र हात आखडला. मूळ काडतुसाचे कवच ओढीव पितळेचे नव्हते; पातळ पत्रा गुंडाळून केलेले होते, आणि बूड लोखंडी. बॉक्सर नावाच्या अधिकाऱ्याची ही रचना. पत्रा लवचिक, स्वस्त. पण नळी तापली, काजळी साचली, वर वाळू गेली, की कवच आतच चिकटायचे. दांडा ओढावा तर बूड तुटून हातात, पत्रा आत! जानेवारी 1885 मध्ये सुदानात अबू क्लीला शत्रू अंगावर आलेला असताना शिपायांवर हीच वेळ आली. त्यानंतर ओरड झाली आणि अखंड पितळेची काडतुसे आली.

आपल्या लोकांच्या हाती ही रायफल केव्हा होती? उशिरा. 1857 नंतर हिंदी पलटणींना गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुने हत्यार द्यायचे, असे धोरण होते. 27 जुलै 1880 ला अफगाणिस्तानात मैवंदला गोऱ्यांच्या 66व्या पलटणीकडे मार्टिनी होत्या, तर शेजारी लढणाऱ्या बाँबे ग्रेनेडियर्स या हिंदी पलटणीकडे आधीच्या पिढीतल्या स्नायडर रायफली. आणि हे तेव्हा, जेव्हा आपल्याच खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून चालू होता!

राहिली सफाई. लोकांना वाटते तेल लावले की झाले. नाही. काळ्या दारूचे क्षार तेलात विरघळत नाहीत, उलट हवेतला ओलावा ओढून लोखंड खातात. म्हणून आधी उकळते पाणी, नळीतून आरपार, काळे यायचे थांबेपर्यंत. तापलेली नळी आपोआप वाळते, मग तेल. हे काम त्याच संध्याकाळी करायचे, दुसऱ्या दिवशी नाही. पावसाळ्यात तर एका रात्रीत तांबूस झाक दिसते.

काडतूस कुठवर पोचले? तिसऱ्या रांगेतच? तिथेही अडकलेच म्हणायचे. द्या पुढे.