बर्फावर भेटलेले भाऊ

ही चकती आधी पहिल्या रांगेत फिरू द्या, मग मागे पाठवा. हिला पक म्हणतात. भरीव रबर, व्यास 3 इंच, जाडी 1 इंच, वजन साधारण 170 ग्रॅम. आपल्या सीझन बॉलपेक्षा किंचित जड. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, म्हणजे बर्फावर उड्या न मारता सरकत जाते. हातात धरा आणि एवढंच मनात आणा की 1959च्या नोव्हेंबरपर्यंत आइस हॉकीचे जवळजवळ सगळे गोलकीपर हिच्यासमोर तोंडावर काही न घालता उभे राहत. त्या महिन्यात कॅनडातल्या मॉन्ट्रियल संघाच्या झाक प्लांतनं नाक फुटल्यावर मुखवटा चढवला आणि मग तो उतरवायलाच नकार दिला. आजचे आपले दोघे भाऊ त्याच संघातले. मॉरिस रिशार आणि आंरी रिशार.

दोन भाऊ एकाच खेळात म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अंगण येतं. थोरला गोलंदाजी करतोय, धाकटा रडकुंडीला आलाय. इथे तसं काहीच नव्हतं. मॉरिस 4 ऑगस्ट 1921चा, आंरी 29 फेब्रुवारी 1936चा. मधे साडेचौदा वर्षं. वडील ओनेझिम कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेत कामगार, घरात आठ भावंडं, मॉरिस सगळ्यांत मोठा आणि आंरी सातवा. 1942मध्ये मॉरिस लग्न करून वेगळा राहू लागला, तेव्हा हा सहा वर्षांचा होता. नात्यानं दादा, पण वयाच्या हिशेबानं काकाच म्हणायचा. बाकी मॉन्ट्रियलमधल्या पोरांना मॉरिस जेवढा माहीत होता, त्याहून फार जास्त काही या धाकट्याला माहीत असेल असं मला वाटत नाही.

आणि मॉरिस सगळ्यांनाच माहीत होता. सुरुवातीला लोक त्याला काचेचं भांडं म्हणत, कारण घोटा, मनगट, पाय, दर वर्षी काहीतरी मोडलेलंच. 1943मध्ये मुलगी झाली, तिचं वजन 9 पौंड, म्हणून यानं 9 नंबरची जर्सी मागून घेतली. पुढच्या हंगामात, 1944-45मध्ये, 50 सामन्यांत 50 गोल. असं आधी कुणीच केलं नव्हतं. त्याच हंगामात, 28 डिसेंबरला, दिवसभर घर बदलण्याची हमाली करून संध्याकाळी मैदानात उतरला आणि 5 गोल केले, 3 करवून दिले. आपल्याकडे घर बदललं की माणूस दोन दिवस पाठ धरून बसतो.

पण मॉरिसची खरी गोष्ट गोलांची नाही, रागाची आहे. मॉन्ट्रियलमध्ये राबणारे बहुतेक फ्रेंच बोलणारे, आणि मालक-साहेब इंग्रजी बोलणारे. मॉरिस पहिल्यांतला. 13 मार्च 1955ला बॉस्टनमध्ये एका खेळाडूनं मॉरिसच्या डोक्यात काठी घातली. यानं उलट हाणलं, आणि धरून ठेवणाऱ्या लाइन्समनलाही ठोसे मारले. हे संघ जिच्यात खेळत त्या नॅशनल हॉकी लीगचे अध्यक्ष, इंग्रजी बोलणारे क्लॅरन्स कॅम्बेल यांनी त्याला उरलेल्या हंगामासह सगळ्या बाद फेरीतून बाहेर काढलं. पंचावर हात उचलला, शिक्षा व्हायलाच हवी होती, हे माझं मत. पण शिक्षा सुनावणारा माणूस दुसऱ्याच दिवशी, 17 मार्चला, फोरम या मॉन्ट्रियलच्या घरच्या स्टेडियममध्ये सामना बघायला येऊन बसला! अंडी आली, टोमॅटो आले, मग अश्रुधुराचं नळकांडं फुटलं. सामना सोडून द्यावा लागला आणि सेंट कॅथरीन रस्त्यावर रात्रभर काचा फुटत राहिल्या. मॉरिसनं रेडिओवरून आधी फ्रेंचमध्ये, मग इंग्रजीत लोकांना शांत राहायला सांगितलं. गोल केला किंवा करवून दिला की खेळाडूला एक गुण. त्या हंगामात सर्वाधिक गुणांचा मान त्याच्याच संघातल्या जोफ्रियोंनं पटकावला, 75 विरुद्ध मॉरिसचे 74. मॉन्ट्रियलच्या प्रेक्षकांनी जोफ्रियोंचीच हुर्यो उडवली. मॉरिसला तो मान आयुष्यात कधीच मिळाला नाही.

आणि हे सगळं घडल्यावर अवघ्या सहा महिन्यांनी त्याच संघाच्या सराव शिबिरात आंरी आला. वय 19. लीप वर्षाच्या हिशेबानं पाहिलं तर चारच वाढदिवस झालेला पोरगा. उंची 5 फूट 7 इंच. मॉरिसला ‘रॉकेट’ म्हणत, म्हणून हा ‘पॉकेट रॉकेट’. टोपणनावसुद्धा भावाचंच, आल्टर करून घेतलेलं! सगळ्यांना वाटलं, दादाच्या वशिल्यानं आलाय, एखादं वर्ष कनिष्ठ संघात पाठवू. पण सरावात पक एकदा याच्याकडे गेली की इतरांना परत मिळेना. नऊ नंबर आणि सोळा नंबर एकाच फळीत खेळू लागले. खरी ओळख म्हणाल तर ती इथे झाली, बर्फावर आणि ड्रेसिंग रूममध्ये. दोघेही अबोल. एक किस्सा सांगतात. कुणीतरी प्रशिक्षक टो ब्लेक यांना विचारलं, आंरीला इंग्रजी येतं का? ते म्हणाले, त्याला फ्रेंच तरी येतं की नाही, मला शंका आहे.

1956 ते 1960, सलग पाच वर्षं, स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, मॉन्ट्रियलकडे. पाचही वेळा दोघे भाऊ संघात. 1957च्या ऑक्टोबरमध्ये मॉरिसचा पाचशेवा गोल झाला, लीगमधला पहिलाच. पुढच्याच महिन्यात त्याच्या टाचेची शीर तुटली. त्याच हंगामात आंरीनं 80 गुण मिळवले, लीगमध्ये दुसरा आला. मला हा हंगाम फार आवडतो. थोरला लंगडत बाहेर बसलाय आणि धाकटा गाजावाजा न करता दुकान चालवतोय.

1960मध्ये मॉरिस थांबला. 978 सामने, 544 गोल, 8 कप. आंरी आणखी पंधरा वर्षं खेळला. 1256 सामने, 1046 गुण, आणि कप 11. खेळाडू म्हणून इतके कप आजवर कुणाच्याच नावावर नाहीत, मॉरिसच्याही नाही. तरी त्याची ओळख करून देताना लोक अजून ‘मॉरिसचा धाकटा भाऊ’ म्हणूनच सुरुवात करतात. मीही आज तेच केलं, कबूल आहे.

पण गरीब गाय नव्हता हं. 1971च्या अंतिम मालिकेत बाकावर बसवल्यावर त्यानं प्रशिक्षक मॅकनील यांना जाहीरपणे नालायक ठरवलं. सातवा सामना शिकागोत, मॉन्ट्रियल 2-0नं मागे. एक गोल झाक लमेरनं मध्यरेषेजवळून मारला. बरोबरीचा आंरीचा, विजयाचाही आंरीचा. समोर गोलमध्ये होता टोनी एस्पोझिटो, बॉस्टनच्या फिल एस्पोझिटोचा भाऊ. आणि आंरीच्या संघात फ्रँक आणि पीट हे माहोव्हलिच बंधू. कप जिंकूनही मॅकनील यांचं प्रशिक्षकपद गेलं. रागावलेला रिशार परवडत नाही, हे मॉन्ट्रियलला दुसऱ्यांदा कळलं.

11 मार्च 1996ला फोरम बंद झालं, त्या रात्री जुन्या कप्तानांनी एक मशाल हातोहात पुढे दिली. मॉरिसचं नाव पुकारल्यावर लोक उभे राहिले, आणि टाळ्या थांबेनातच. कित्येक मिनिटं. म्हातारा डोळे पुसतोय, हातानं पुरे पुरे म्हणतोय. रांगेत त्याच्यानंतर झाँ बेलिवो, आणि बेलिवोच्या पलीकडे आंरी, मशालीची वाट बघत.

पक कुठे पोचली? मागच्या रांगेत? तिकडून एवढी परत पाठवा.