दिवाळीआधीच्या रांगेत

गणपती गेले, ठाण्यात तलावपाळीवरची गर्दी ओसरली. सध्या पितृपंधरवडा आहे, गोखले रोडवरची दुकानं निवांत आहेत. छापखान्यांना मात्र उसंत नाही. वर्षभरात मराठीत ज्या महिन्यात सगळ्यात जास्त नव्या कथा वाचकांच्या हाती पडतात, तो पुढचाच. दिवाळी अंक येताहेत.

आमच्या ठाण्यात स्टेशनजवळ मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्या वि. ल. भावे यांच्या पुढाकारानं ते १८९३ साली सुरू झालं. पहिला दिवाळी अंक निघाला १९०९मध्ये, का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाचा. म्हणजे दिवाळी अंकाची वाट पाहायची सवय महाराष्ट्राला लागण्याच्या सोळा वर्षं आधीच ठाण्यात मराठी पुस्तकांचं हे कपाट उघडलं होतं.

पुढच्या महिन्यात अंक हातात आला की नुसतं मुखपृष्ठ पाहून तो बाजूला ठेवू नका. अनुक्रमणिका उघडा आणि आधी दीर्घकथा शोधा. माझा सगळ्यात जास्त जीव तिच्यावर आहे. कथासंग्रहात ती मावत नाही, एकटीचं पुस्तक करावं तर पानं कमी पडतात. मग तिला घर देतो तो दिवाळी अंकच. तिच्यात लेखकाला घाई नसते. स्वयंपाकघरातलं भांडण, जमिनीचा जुना वाद, घरातून न सांगता निघून गेलेला भाऊ, सगळं सावकाश उलगडतं. काही दीर्घकथा पुढे वाढून कादंबरी होतात. ती कादंबरी हाती येते, तेव्हा काय वाढलं आणि काय गळलं हे अंक वाचलेल्यालाच कळतं. वाचक म्हणून मला याहून मोठा आनंद ठाऊक नाही.

गंभीर कथेसाठी मी ‘मौज’ आणि ‘हंस’ आधी चाळते. भय, गूढ, विज्ञानकथा हवी तर ‘नवल’ किंवा ‘धनंजय’ घ्या. विनोदी कथांसाठी ‘आवाज’ आहेच; त्याच्या खिडकीचित्रांवर, म्हणजे कागदाची खिडकी उघडली की आत दुसरंच चित्र दिसणाऱ्या चित्रांवर, आमचं अख्खं घर तुटून पडायचं.

आणि एक कळकळीची विनंती. ओळखीच्या नावांवर थांबू नका. अनुक्रमणिकेत जे नाव कधीच ऐकलेलं नाही, त्याची एक तरी कथा वाचा. आवडली तर अंकाच्या पत्त्यावर चार ओळी लिहून पाठवा. नव्या लेखकाला असं एक पत्र वर्षभर पुरतं.

सगळे अंक विकत घेणं बहुतेकांना परवडत नाही. म्हणूनच अनेक वाचनालयं दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी घेतात: एकदाच पैसे भरा, मग एक अंक परत करा, दुसरा न्या. आमच्या मजल्यावर चार घरं चार वेगळे अंक घेतात आणि महिनाभर ते दारोदार फिरतात. परत येतात तेव्हा कुणाचं हळदीचं बोट उमटलेलं असतं, कुणी आवडत्या पानाचा कोपरा दुमडलेला असतो.

तुमच्या वाचनालयात नाव आत्ताच नोंदवून ठेवा. दसरा झाला की टेबलावर गठ्ठे सुटतील, आणि चांगली दीर्घकथा असलेला अंक पहिल्याच दिवशी कुणीतरी घेऊन गेलेलं असेल.