टेबलावरचा साधा फोन घेताय? आधी फ्लॅशचं बटण बघा

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ऑफिसच्या टेबलावरच्या साध्या फोनबद्दल, म्हणजे तोच दोन वायरचा, रिसिव्हरला स्प्रिंगवाली वायर असलेला अॅनालॉग सेट, ज्याला आमच्या लाइनीत एसएलटी म्हणतात. मोबाईलच्या जमान्यात याच्यावर काय बोलायचं असं वाटेल, पण अंधेरीच्या एमआयडीसीतले गाळे घ्या, फोर्टमधली जुनी ऑफिसं घ्या, नर्सिंग होम, लॉज, टॉवरमधल्या सोसायट्या घ्या, इंटरकॉम म्हणून आजही बऱ्याच ठिकाणी हाच फोन आहे आणि लोकांचं रोजचं काम त्याच्यावर चालतं. मी ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातले सगळे फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनीला जोडणारा डबा, ज्याला आम्ही नुसतं एक्सचेंजही म्हणतो, तो बसवायचं आणि सांभाळायचं काम करतो, त्यामुळे नवीन सेट घ्यायची वेळ आली की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न मला पाठ झालाय, याच्यात फीचर्स काय काय आहेत? आणि मग ज्याच्यावर बटणं जास्त, डिस्प्ले मोठा, तो घेतला जातो.

तर मला आज एकच गोष्ट नीट सांगायचीय. अॅनालॉग फोनची बरीचशी फीचर्स फोनमध्ये नसतातच, ती ईपीएबीएक्समध्ये असतात. कॉल ट्रान्सफर, कॉन्फरन्स, दुसऱ्याच्या टेबलावर वाजणारा फोन आपल्या टेबलावरून उचलणं, फॉरवर्डिंग, होल्डवर गाणं लावणं, हे सगळं भिंतीवरच्या त्या डब्यात होतं. फोनचं काम म्हणजे रिसिव्हर उचलला की सर्किट पूर्ण करायचं, आकडे पाठवायचे, आवाज न्यायचा-आणायचा, आणि अधूनमधून एक्सचेंजला सांगायचं की जरा थांब, मला काहीतरी हवंय. हे शेवटचं सांगणं म्हणजे फ्लॅश.

फ्लॅशचं बटण, कुठे कुठे त्याच्यावर नुसतं आर लिहिलेलं असतं, हे माझ्या मते ऑफिसच्या फोनवरचं सगळ्यात महत्त्वाचं बटण आहे आणि बहुतेक लोक त्याच्याकडे बघतही नाहीत. ते दाबलं की फोन लाइन अगदी क्षणभर तोडतो आणि परत जोडतो. एक्सचेंज ते ओळखतं, चालू कॉल होल्डवर ठेवतं, तुम्हाला डायल टोन देतं, तुम्ही एक्स्टेंशन नंबर, म्हणजे ऑफिसातल्या दुसऱ्या फोनचा आतला नंबर, फिरवता, समोरचा बोलला की रिसिव्हर ठेवता, झाला ट्रान्सफर. आता गंमत अशी की हा तुटण्याचा वेळ नेमका लागतो. तो फार कमी असला, साधारण ६० मिलीसेकंदाच्या आसपास, तर एक्सचेंजला वाटू शकतं की जुन्या पल्स पद्धतीने, म्हणजे लाइन तोडून-जोडून आकडे पाठवायच्या पद्धतीने, १ फिरवला, आणि फार जास्त झाला तर त्याला वाटतं फोन ठेवला, कॉल कट. म्हणूनच बऱ्याच सेटमध्ये १००, ३००, ६०० मिलीसेकंद अशी निवड असते, कधी खालच्या बाजूला छोट्या स्विचने, कधी बटणांच्या कोडने, आणि तिकडे ईपीएबीएक्सच्या प्रोग्रामिंगमध्येही फ्लॅशचा वेळ बदलता येतो. दोन्हीकडचं जुळलं पाहिजे बस. ‘ट्रान्सफर करायला गेलं की पार्टी कट होते’ ही तक्रार ज्या ऑफिसात आहे तिथे नवीन एक्सचेंजचं कोटेशन मागवायच्या आधी हे तपासा प्लीज, कारण इथे खर्च शून्य आहे आणि दहा मिनिटांचं काम आहे. आणि ज्या फोनला फ्लॅशच नाही त्याच्यावर लोक रिसिव्हरखालचा खटका हाताने दाबतात, मग प्रत्येकाचा हात वेगळा, कोणाचा कॉल जातो कोणाचा तुटतो आणि दोष येतो ऑपरेटर मुलीवर. ते मला फार लागतं, तिची काही चूक नसते हो.

याच्याच बाजूला होल्डचं बटण असतं, त्याचंही सांगतो. फोनवरचं होल्ड दाबलं की फोन स्वतःच लाइन धरून ठेवतो, एक्सचेंजला पत्ताच नसतो की कॉल होल्डवर आहे. त्यामुळे तो कॉल दुसऱ्या टेबलावरून घेता येत नाही, आणि एक्सचेंजचं होल्डवरचं म्युझिकही वाजत नाही, काही सेटमधून स्वतःचीच एक पिपाणी वाजते तेवढीच. घरी एका लाइनीवर दोन फोन असतील तर हे होल्ड कामाचं आहे, ऑफिसात मात्र फ्लॅशने होल्ड करायची सवय लावा. म्यूट वेगळं, म्यूटमध्ये फक्त आपला माइक बंद होतो, ते असलेलं चांगलंच.

आता वीज. साध्या सेटला अडॅप्टर लागत नाही हे सगळ्यांना माहितीय पण ते का, हे समजलं की खरेदी सोपी होते. लाइनवर एक्सचेंजकडूनच डीसी करंट येतो, टेलिफोन खात्याच्या लाइनवर ४८ व्होल्ट, छोट्या ईपीएबीएक्सवर कधी कमी, आणि घंटी वाजवायची असली की त्याच दोन वायरींवर साधारण ७५ व्होल्ट एसी सोडतात. घंटी वाजत असताना उघड्या वायरींना ज्याने हात लावलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. तर याचा फायदा असा की ईपीएबीएक्सला एक बॅटरी किंवा यूपीएस दिला की ऑफिसातले सगळेच्या सगळे एक्स्टेंशन लाइट गेली तरी चालू. १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय ना, सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. अशा वेळी आयपी फोनवाल्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालणारे फोन असलेल्या, ऑफिसात प्रत्येक मजल्यावरच्या नेटवर्क स्विचला बॅकअप लागतो, इथे एका ठिकाणी दिला की काम झालं. शिवाय बऱ्याच ईपीएबीएक्समध्ये पॉवर फेल ट्रान्सफर असतं, म्हणजे एक्सचेंज पूर्ण बंद पडलं तर बाहेरची लाइन आपोआप एका ठरलेल्या एक्स्टेंशनला थेट जोडली जाते, आणि त्या जागी साधा अॅनालॉग सेटच लागतो. ते एक्स्टेंशन कुठलं आहे हे ऑफिसात कोणालाच माहीत नसतं, बहुतेक वेळा ते साहेबांच्या केबिनमध्ये असतं आणि केबिनला कुलूप. ते सिक्युरिटीच्या टेबलावर आणून ठेवा. हे हॉस्पिटलवाल्यांना तर मी हात जोडून सांगतो.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा, आता बऱ्याच बिल्डिंगमध्ये बाहेरची लाइन तांब्याची राहिली नाही, फायबरवर आलीय, आणि फायबरचा जो छोटा बॉक्स आपल्याकडे लावतात तो आपल्याच विजेवर चालतो. तेव्हा यूपीएसवर ईपीएबीएक्सच्या बरोबरीने तो बॉक्सही घ्या, नाहीतर आतले सगळे फोन चालू आणि बाहेर कॉल लागत नाही.

तांब्याच्या जोडीचा अजून एक गुण म्हणजे लांबी. नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर, त्याच्यापुढे मध्ये काहीतरी यंत्र टाकावं लागतं. साधा फोन अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याच्या जोडीवर किलोमीटरभर सहज जातो, कारण एवढ्या लांबीला जाऊन-येऊन रेझिस्टन्स पावणेदोनशे ओहमच्या आसपास भरतो आणि ईपीएबीएक्सला तेवढा साधारणपणे पेलतो. म्हणून गेटवरची वॉचमन केबिन, पंप रूम, मागचं गोडाऊन, लिफ्ट मशीन रूम, अशा ठिकाणी मी आजही डोळे मिटून हाच सेट लावायला सांगतो. भिंतीवर टांगता येईल असा घ्या आणि रिसिव्हर उलटा होऊन पडणार नाही अशी खाच आहे का ते बघा.

घंटीचा आवाज कमी-जास्त करायचा स्विच असतो, हाय, लो आणि काही सेटला ऑफ. ‘फोन डेड आहे’ म्हणून कॉल येतो, जाऊन बघावं तर स्विच ऑफवर. सार्वजनिक जागेसाठी ऑफ नसलेला सेट घ्या. मशीन शॉपमध्ये घंटी ऐकूच येत नाही तिथे वेगळा हूटर किंवा लुकलुकणारा दिवा जोडता येतो. आणि एकाच एक्स्टेंशनवर चार-पाच सेट पॅरलल मारू नका, घंटीचा करंट वाटला जातो आणि मग एकही धड वाजत नाही.

डायलिंगबद्दल थोडक्यात. सेटवर टोन आणि पल्स असा स्विच असेल तर तो टोनवरच हवा. टोन म्हणजे प्रत्येक बटणाला दोन सूर एकदम, उदाहरणार्थ ५ दाबला की ७७० आणि १३३६ हर्ट्झ. बँकेत फोन केल्यावर ‘मराठीसाठी अमुक दाबा’ येतं आणि कितीही दाबलं तरी काही होत नाही, तर पहिला संशय या स्विचवर घ्या. रिडायल सगळ्यांनाच असतं. मेमरी बटणं छान वाटतात, पण ऑफिसच्या वीस सेटमध्ये वीस वेळा नंबर भरण्यापेक्षा ईपीएबीएक्समध्ये एकदाच शॉर्ट नंबर भरून ठेवा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईल लावताना आधी शून्य लावावं लागतं, त्यात ईपीएबीएक्सची लाइन घ्यायलाही बऱ्याच ठिकाणी शून्य आहे, म्हणजे दोन शून्य झाले. त्या आधीचे मेमरीतले मोबाईल नंबर अजून तसेच पडलेले सेट मला आजही दिसतात. आणि एसटीडी लॉक, म्हणजे बाहेरगावचे कॉल कोडशिवाय लागू नयेत म्हणूनचं कुलूप, लावताना १०१ आणि ११२ हे प्रत्येक एक्स्टेंशनवरून लागतील एवढं बघा, आगीच्या वेळी वॉचमनने कोड शोधत बसायचं का?

कॉलर आयडीवर लोकांचा फार पैसा वाया जातो. डिस्प्लेवाला सेट घेतला म्हणजे नंबर दिसेल असं नाही, ईपीएबीएक्सने तो नंबर साध्या एक्स्टेंशनपर्यंत पाठवला पाहिजे, आणि तोही सेटला समजेल त्या पद्धतीने. एक पद्धत डीटीएमएफ, म्हणजे वर सांगितलेले बटणांचे दोन सूर, त्यात नंबर बहुतेक घंटीच्या आधी येतो, दुसरी एफएसके, म्हणजे मोडेमसारखा डेटा, त्यात बऱ्याचदा पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मध्ये येतो, म्हणून पहिल्याच घंटीला उचललं की नंबर दिसत नाही. दोन्ही ओळखणारा सेट घ्या. डिस्प्लेला पेन्सिल सेल लागत असतील तर ते वर्षाला बदलायची जबाबदारी कोणाची ते आधीच ठरवा, नाहीतर सेल फुटून पाणी सुटतं आणि आतली पट्टी गंजते.

हॉटेल किंवा लॉजवाल्यांना मेसेजचा लाल दिवा हवा असतो. तो पेटवायला काही एक्सचेंज लाइनवर जास्त व्होल्टेज, ९० च्या पुढे, पाठवतात, काही नुसता डेटा पाठवतात. इथेही सेट आणि एक्सचेंज जुळायला हवेत, दिवा आहे म्हणून पेटेलच असं नाही.

स्पीकरफोन? एक माणूस हात मोकळे ठेवून होल्डवर थांबलाय तिथपर्यंत ठीक. मीटिंगला नको. साध्या सेटच्या स्पीकरवर बहुतेक एका वेळी एकाच बाजूचा आवाज जातो, दोघं एकदम बोलले की शब्द खाल्ले जातात. दिवसभर फोनवर असणाऱ्याला स्पीकरपेक्षा हेडसेटचं सॉकेट द्या, मान वाचेल बिचाऱ्याची. तसंच रिसेप्शनवरच्या ऑपरेटरला मात्र साधा सेट देऊ नका. कोणतं एक्स्टेंशन बिझी आहे हे दिव्यावर दाखवायचं काम साध्या सेटला जमत नाही, तिथे त्याच ईपीएबीएक्सच्या कंपनीचा डिजिटल की-फोन लागतो. एक तो आणि बाकी सगळे साधे, हा हिशोब मला सगळ्यात पटतो, कारण की-फोन एकाच कंपनीच्या एक्सचेंजवर चालतो, उद्या एक्सचेंज बदललं की ते सगळे भंगारात, साधा सेट कुठल्याही कंपनीच्या एसएलटी पोर्टवर लागतो. इंटरनेटच्या फोनवर गेलात तरी मध्ये एक एटीए नावाचा छोटा अडॅप्टर टाकून हेच सेट वापरता येतात, फक्त त्या अडॅप्टरमध्येही फ्लॅशचा वेळ आणि कॉलर आयडीची पद्धत परत जुळवावी लागते.

आणि आपली हवा. मुंबईत जून ते सप्टेंबर फोनवर खरखर वाढते, बऱ्याचदा सेट बरा असतो आणि दोष डक्टमधल्या जॉइंटचा, ओल धरलेल्या रोझेट बॉक्सचा (भिंतीवरचा, फोनची वायर जिथे जोडतात तो छोटा बॉक्स) किंवा हिरव्या पडलेल्या तांब्याचा असतो. तपासायची सोपी पद्धत म्हणजे तोच सेट उचलून थेट ईपीएबीएक्सपाशी त्याच पोर्टला लावा, खरखर गेली तर वायरिंग बघा, राहिली तर आधी सेटच्या दोन्ही कॉर्ड बदला. रिसिव्हरची स्प्रिंगवाली कॉर्ड सगळ्यात आधी जाते, पिळून पिळून आतले तंतू तुटतात आणि आवाज ये-जा करतो. सेट घेतानाच चार-पाच कॉर्ड जास्तीच्या घेऊन ठेवा आणि ती कॉर्ड निघते का, दोन्ही टोकांना छोटी पिन आहे का ते बघा.

लॅमिंग्टन रोडला जाऊन एकदम पंचवीस सेट उचलायच्या आधी एकच घ्या. ऑफिसात आणा, सगळ्यात लांबच्या एक्स्टेंशनला लावा. बाहेरून कॉल मागवा, नंबर दिसतो का बघा, फ्लॅश दाबून रिसेप्शनला ट्रान्सफर करा, परत घ्या, कॉन्फरन्स करून बघा, एखाद्या बँकेचा मेनू ऐकून आकडे दाबा, आणि ईपीएबीएक्सची मेन लाइट बंद करून बॅटरीवर हेच सगळं परत करा. आणि जो माणूस तो रोज वापरणार आहे त्याच्याच हातात दोन दिवस द्या, त्याला ऐकू कमी येत असेल तर रिसिव्हरचा आवाज वाढवता येतो का हे त्यालाच विचारा. तो हो म्हणाला की बाकीच्या चोवीसची ऑर्डर द्या.