कायदा गेला, भाऊबंदकी राहिली

मंडळी, ‘सिव्हिल वॉर’ म्हटलं की बहुतेकांना मार्व्हलच्या सुपरहिरोंचा २०१६चा सिनेमा आठवतो. लाइपझिगचा विमानतळ, सहा विरुद्ध सहा, आणि मध्येच अवाढव्य झालेला अँट-मॅन. मूळ कॉमिक त्याच्या दहा वर्षं आधीचं. लेखन मार्क मिलरचं, चित्रं स्टीव्ह मॅकनिव्हनची, मुख्य अंक सात. सातच म्हणायचे, कारण कथेचे धागे स्पायडरमॅनच्या, कॅप्टन अमेरिकेच्या, अशा कितीतरी मासिकांत सोडलेले होते. सगळं वाचायचं तर सगळं विकत घ्या! क्रॉसओव्हर, म्हणजे अनेक मासिकांतून फिरणारी एकच कथा, हा आधी धंदा असतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण त्या धंद्यातही एक खरा प्रश्न होता. कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्ड गावात टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर शौर्य गाजवायला गेलेली सुपरहिरो पोरं नायट्रो नावाच्या खलनायकाला डिवचतात. तो शाळेजवळ स्फोट घडवतो आणि सहाशेहून अधिक माणसं मरतात. मग कायदा येतो: मुखवट्यामागचं नाव सरकारदरबारी नोंदवा, नाहीतर तुरुंगात चला. आयर्न मॅन कायद्याच्या बाजूने, कॅप्टन अमेरिका विरोधात. दुसऱ्या अंकाच्या शेवटी स्पायडरमॅन पत्रकारांसमोर मुखवटा काढून आपलं नाव सांगतो. चाळीसहून अधिक वर्षं जपलेलं गुपित! पुढे त्याच्या मे काकूंना गोळी लागते, ती या नावापायीच.

आता हे पडद्यावर कसं आणणार? सिनेमातल्या टोनी स्टार्कने २००८मध्येच पत्रकार परिषदेत ‘मीच आयर्न मॅन’ म्हणून टाकलेलं. स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे कॅप्टन अमेरिका, तर संग्रहालयात मांडलेला. नोंदवायला गुपितच फारसं कुणाकडे उरलेलं नाही. म्हणून नोंदणीचा कायदा गेला आणि सोकोव्हिया करार आला. ११७ देशांनी मान्य केलेला, अ‍ॅव्हेंजर्स या सुपरहिरोंच्या चमूला संयुक्त राष्ट्रांच्या समितीखाली आणणारा. प्रश्न तसा चांगलाच आहे: यांना पाठवायचं कुणी, अडवायचं कुणी? पण अर्ध्या वाटेत सिनेमाचा त्यातला रस संपतो. मग येते १६ डिसेंबर १९९१ची ती चित्रफीत. टोनीचे आईवडील स्टीव्हचा जुना मित्र बकी याने मारले, आणि स्टीव्हने हे टोनीला सांगितलं नव्हतं. कायदा बाजूला पडतो आणि भाऊबंदकी सुरू होते.

मला विचाराल तर टोनी विरुद्ध स्टीव्ह आणि बकी अशी सैबेरियातली ती मारामारी कॉमिकमधल्या कुठल्याही मारामारीपेक्षा जास्त लागते. टोनी झालेल्या रॉबर्ट डाउनी ज्युनियरचा चेहरा ती चित्रफीत बघताना जे करतो, ते मिलरला सात अंकांत जमलेलं नाही. मिलरचा टोनी बऱ्याचदा पत्रक वाचून दाखवल्यासारखा बोलतो.

शेवट मात्र कॉमिकचाच मोठा. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर कॅप्टन टोनीवर शेवटचा घाव घालायला ढाल उगारतो, आणि त्याच्यावर झेप कोण घेतं? अग्निशमन दलाचे जवान, पोलीस, वैद्यकीय मदतनीस. साधी माणसं. तो म्हणतो, सोडा मला, मला तुम्हाला इजा करायची नाही. ते त्याला आजूबाजूला बघायला लावतात. इमारती पडल्यात, आग लागलीये. तो रडतो, मुखवटा काढतो आणि हात पुढे करतो. लढाई तो जिंकतच होता, हे विसरू नका.

सिनेमात ही माणसं नाहीत. विमानतळ आधीच रिकामा केलेला, सैबेरियात तर बर्फाशिवाय कुणी नाही. आपल्या लाडक्या नायकांच्या हातून नागरिक मरताना दिसू नयेत, ही काळजी उघड आहे. कॉमिकमध्ये राक्षसी आकाराचा होऊ शकणारा सुपरहिरो गोलायथ मरतो आणि त्याला त्या आकारातच पुरावं लागतं, एका माणसासाठी कित्येक कबरींची जागा लागते. सिनेमात टोनीचा मित्र रोड्स कोसळतो, जायबंदी होतो, पण वाचतो.

आणि त्या ११७ देशांच्या कराराचं पुढे काय झालं म्हणता? २०२२च्या ‘शी-हल्क’ या विनोदी मालिकेत वकील मॅट मरडॉक कोर्टात उभा राहून बोलता बोलता सांगतो, की तो करार आता रद्द झालाय. एका वाक्यात. लगेच पुढचा मुद्दा: एका सुपरहिरोच्या सूटमधल्या बिघाडाचा.