नोंद ३२, नोंद ३४
(एका विधिमंडळ सदस्याने व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय, व्याख्यानमालेचे कार्यकर्ते आणि मित्रहो,

पत्रिकेवर आजचा विषय ‘पतसंस्था आणि जुगार : नियमन कोणाचे आणि कसे’ असा छापला आहे. तो वाचून सहकारातल्या दोन ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी दुपारी मला फोन केला आणि विचारले की, आम्हाला मटकेवाल्यांच्या पंगतीला का बसवता? त्यांचा राग मी समजू शकतो, पण ही पंगत राज्यघटनेनेच मांडली आहे. सातव्या अनुसूचीतील राज्यसूची, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांची यादी, उघडून पाहा. नोंद ३२ मध्ये सहकारी संस्था आहेत, नोंद ३४ मध्ये पैज आणि जुगार आहे, आणि मधल्या ३३ मध्ये नाटक, सिनेमा, खेळ आणि करमणूक. दोघांच्या मध्ये एवढे एकच घर आहे. या दोन्ही नोंदींखाली कायदे करताना, लोकांचा पैसा जो हाती घेतो त्याला आपण आधी जाब विचारायला हवा होता; प्रत्यक्षात जो पैसा देतो त्याच्याकडेच आपण पुरावा मागत आलो, असे माझे म्हणणे आहे. ते पटवून देण्यासाठी मला एका मावशींची हकिगत सांगावी लागेल, आणि ती थोडी लांबेल.

आमच्या भागातल्या बाजारपेठेत या मावशी भाजी विकतात. रोज संध्याकाळी, गिऱ्हाईक ओसरले की, पिग्मीवाला, म्हणजे पतसंस्थेसाठी रोजची छोटी बचत गोळा करणारा, मुलगा त्यांच्या पाटीपाशी येई, त्या कमरेच्या चंचीतून ५० रुपये काढून देत, आणि तो हातातल्या छोट्या मशीनमधून बोटभर लांबीची पावती काढून देई. सुरुवातीला तो पासबुकही भरून आणत असे. पुढे ‘मशीन आहे ना मावशी, पासबुक कशाला?’ असे म्हणू लागला. मुलगा त्यांच्याच आळीतला असल्यामुळे त्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. मुदत संपली तेव्हा त्या पतसंस्थेत गेल्या, तर शटर अर्धे खाली ओढलेले होते आणि ‘तांत्रिक कारणामुळे रोखीचे व्यवहार बंद आहेत’ असा कागद चिकटवला होता.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या कार्यालयात बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. आत महिन्यामहिन्याच्या पावत्या रबराने बांधून, एकावर एक नीट रचून ठेवलेल्या होत्या. मी एक गठ्ठा सोडला, मग दुसरा सोडला. सगळ्या पावत्या पांढऱ्या पडल्या होत्या. उष्णतेने उमटणारा तो कागद असतो. पत्र्याच्या डब्यात, पत्र्याच्या घरात, दोन उन्हाळ्यांत त्यावरची अक्षरे उडून गेली होती. खिडकीपाशी उजेडात धरल्यावर एखाद्या पावतीच्या कडेला जांभळट आकडा दिसल्यासारखा वाटे, एवढेच. संस्थेच्या खतावणीत त्यांच्या नावावर त्या सांगत होत्या त्याच्या निम्मीही रक्कम नव्हती. मावशींनी मला विचारले, “साहेब, पावती पुसली म्हणून पैसं पुसलं का?” विधिमंडळात मी अनेक प्रश्न ऐकले आहेत, पण इतका नेमका प्रश्न क्वचितच ऐकला.

उरलेली रक्कम संस्थेपर्यंत पोहोचलीच नव्हती. महिन्याभराने तो मुलगा वडिलांबरोबर माझ्याकडे आला आणि खाली मान घालून सगळे सांगू लागला. मोबाइलवर रमी खेळायची सवय लागली होती, पहिल्या आठवड्यात काही पैसे सुटले, मग हरले, आणि हरलेले भरून निघेपर्यंत ‘आजचा भरणा उद्या करू’ असे तो रोज स्वतःला समजावत राहिला. तो हे सांगत असतानाच टेबलावरचा त्याचा मोबाइल वाजला आणि पडद्यावर संदेश उमटला : तुमच्या खात्यात ५० रुपये बोनस जमा झाला आहे. मावशींच्या रोजच्या पिग्मीएवढाच तो बोनस होता. नोंद ३२ आणि नोंद ३४ यांचा शेजार मला त्या क्षणी जितका स्पष्ट दिसला, तितका कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात दिसला नव्हता.

पुढचे ऐका. संस्थेचे म्हणणे असे की, हा मुलगा आमचा नोकर नाही, कमिशनवरचा प्रतिनिधी आहे, त्याने घेतलेल्या पैशाशी आमचा संबंध नाही. सरकारी कार्यालयाचे म्हणणे असे की, अर्ज करा आणि भरणा केल्याचा पुरावा जोडा. म्हणजे मशीन संस्थेचे, कागद संस्थेचा, मुलगा संस्थेने नेमलेला, आणि पुरावा मात्र मावशींनी द्यायचा.

येथे थोडे मागे जातो. पिग्मी हा शब्द आपल्याकडे उडुपीहून आला. तेथे १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेच्या संस्थापकांनी दारोदार जाऊन दोन-दोन आणे गोळा करण्याची योजना सुरू केली. त्याच्याही आधी, १८७५ मध्ये, आपल्या पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले, कारण कागद सावकाराच्या हातात होता आणि त्यावर काय लिहिले आहे हे कुळाला वाचता येत नव्हते. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला तेव्हा ग्रामीण संस्थांच्या सभासदांवर अमर्याद जबाबदारी टाकली होती. संस्था बुडाली तर सभासदाची स्वतःची मालमत्ताही पणाला लागत असे, म्हणून कर्ज कोणाला दिले जाते याकडे सगळा गाव डोळ्यांत तेल घालून पाहत असे. ती जबाबदारी काळाच्या ओघात मर्यादित झाली, ते एका अर्थाने योग्यच झाले, परंतु तिच्याबरोबर गेलेल्या त्या पहाऱ्याच्या जागी आपण पुरेसे काही उभे केले नाही. बँक बुडाली तर फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही आणि तिच्या ठेवीला तो विमा नाही, पण काउंटर, पासबुक आणि काचेमागचा रोखपाल सगळे बँकेसारखेच दिसते, त्यामुळे ठेवीदाराला हा फरक शटर खाली आल्यावरच कळतो.

अध्यक्षांनी दहा मिनिटे उरल्याची चिठ्ठी दिली आहे, तेव्हा जुगाराकडे लगेच वळतो.

आपला जुगारबंदीचा कायदा १८८७ चा आहे. त्याच्या कलम ४ मध्ये अड्डा चालवणाऱ्याला शिक्षा आहे आणि कलम ५ मध्ये तेथे खेळताना सापडणाऱ्याला. प्रत्यक्षात पोलिसांच्या गाडीत बसतो तो बहुधा दुसरा. शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांवरील कराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच, मुंबई राज्याच्या बाजूने निकाल देताना, जुगार हा व्यापार नव्हे असे सांगितले होते. मात्र कौशल्याच्या खेळाला कायद्यात सूट होती, १९६७ मध्ये त्याच न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ म्हटले, आणि पुढे त्याच आधारावर ऑनलाइन कंपन्यांनी नोंद ३४ मधून उठून ३३ मधल्या खेळ-करमणुकीच्या घरात मुक्काम हलवला. पत्त्यांत कौशल्य आहे की नाही, हा प्रश्न खेळणाऱ्यापुरता आहे. दर डावामागे आपला वाटा कापून घेणाऱ्याला कोणतेच कौशल्य लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करताना कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला ठेवला, शिक्षा खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांची वाट करून देणाऱ्याला ठेवली, आणि खेळणाऱ्याला तिच्यातून वगळले. मला ही दिशा योग्य वाटते, आणि पतसंस्थांच्या बाबतीतही मी तिचाच आग्रह धरतो.

माझ्या मागण्या आता केवळ वाचून दाखवतो. अधिकृत प्रतिनिधीच्या हातात पैसे पडले की ते संस्थेत जमा झाले, असे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात स्पष्ट लिहावे. पावतीवरची अक्षरे उडाली असतील तर भरणा झाला नाही हे संस्थेने सिद्ध करावे. आज सर्वसाधारण सभा शासनाने मंजूर केलेल्या यादीतून लेखापरीक्षक नेमते आणि त्या सभेवर संचालकांचाच वरचष्मा असतो, म्हणून ही नेमणूक नियामकाने चिठ्ठ्या टाकून करावी. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा मालमत्ता जप्त करतो खरा, पण तो पैसे बुडाल्यानंतर धावून येतो आणि लिलावापर्यंत म्हातारी माणसे वाट पाहत राहतात. म्हणून पतसंस्थांच्या ठेवींना आधीच विमा हवा. १८८७ च्या कायद्यात खेळणाऱ्याची शिक्षा कमी करून अड्डा चालवणाऱ्याची वाढवावी. आणि १९६९ पासून राज्य सरकार स्वतः लॉटरी चालवत आले आहे, तेथे पैसा घेणारे सरकारच आहे, म्हणून किती तिकिटे खपली आणि किती बक्षिसे वाटली हे त्याने दर महिन्याला जाहीर करावे.

वेळ संपली आहे. सुधारणांचा मसुदा दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे, त्यावर आपल्या सूचना लिहून द्याव्यात. आणि ज्यांच्या घरी पिग्मीच्या पावत्या डब्यात असतील, त्यांनी उद्या सकाळी त्यांची झेरॉक्स काढून घ्यावी आणि पासबुक भरून मागावे.