मोरीजवळचे अळू, गडग्याजवळचा शेवगा

कोकणातल्या घरामागच्या परसात, भांडी घासल्याचे आणि भाजी धुतल्याचे पाणी जिथे दिवसभर झिरपत असते, तिथे अळू हमखास लावलेले दिसते. त्याच परसाच्या दुसऱ्या टोकाला, गडग्याच्या कडेला, जिथे पाण्याची बादली क्वचितच पोहोचते, तिथे शेवगा उभा असतो. ही मांडणी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून ठरलेली आहे. नव्याने परसबाग करणाऱ्याने सर्वांत आधी तीच समजून घ्यायला हवी, कारण दोन्ही झाडांना सारखेच पाणी घातले, तर दोहोंपैकी एक हटकून दगावते.

प्रथम अळू पाहू. सकाळी ऊन चढण्यापूर्वी अळूच्या पानाच्या टोकाकडे निरखून पाहिले, तर तिथे पाण्याचा एक टपोरा थेंब जमताना दिसतो. तो गळतो आणि थोड्या वेळाने त्याच जागी दुसरा जमतो. अनेकांना हे दव वाटते. प्रत्यक्षात ते झाडाने मुळांवाटे रात्रभर ओढून घेतलेले आणि पानाच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर टाकलेले पाणी असते. पाणी एवढ्या सढळपणे वापरणाऱ्या झाडाला जमीन सुकलेली मुळीच चालत नाही. साचलेल्या पाण्यात इतर भाज्यांची मुळे हवेअभावी कुजतात, पण अळूच्या देठांत आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात आणि त्यांतून पानांकडची हवा खाली पोहोचते. म्हणूनच चिखलात अळू तरारते आणि कोरड्या वाफ्यात त्याच्या पानांच्या कडा करपून ती लहान राहतात.

अळूला दिवसभराचे कडक ऊन लागत नाही. नारळी-पोफळीच्या झिरपत्या सावलीत त्याची पाने अधिक रुंद आणि कोवळी होतात, आणि वडीसाठी नेमकी तशीच पाने हवी असतात. लागवड अळकुड्यांपासून किंवा मूळ कंदाशेजारी फुटलेल्या पिल्लांपासून करावी. दोन रोपांत दोन ते तीन फूट अंतर ठेवावे आणि कुजलेले शेणखत भरपूर द्यावे, कारण आपण या झाडाची पानेच खातो आणि पानांची वाढ जमिनीतल्या नत्रावर अवलंबून असते. मोरीच्या पाण्याबाबत मात्र एक इशारा दिलाच पाहिजे. पूर्वी भांडी राखेने घासली जात; आज त्याच पाण्यात साबण आणि कपडे धुण्याची पावडर उतरते. हे क्षार साठत गेले की माती घट्ट होते आणि तिच्यात पाणी मुरेनासे होते. म्हणून भाजी आणि तांदूळ धुतल्याचे पाणी अळूकडे वळवावे आणि कपड्यांचे पाणी वेगळे काढावे, हे आम्ही आग्रहाने सांगू.

आता शेवगा. त्याचे मूळस्थान हिमालयाच्या पायथ्याचा वायव्य भारतातला प्रदेश मानला जातो. बियांपासून वाढलेले कोवळे रोप उपटून पाहिले, तर खाली गाजरासारखे फुगीर, पांढरे सोटमूळ दिसते; ते मोडून हुंगले तर मोहरीसारखा झणझणीत वास येतो. या मुळात झाड पाणी आणि अन्न साठवून ठेवते, आणि पावसाळ्यानंतर महिनोन्‌महिने पाऊस नसलेल्या सोलापूर किंवा माण-खटावच्या रानातही शेवगा तग धरतो तो त्याच्याच बळावर. पाण्याची चणचण फार वाढली की झाड पाने पिवळी करून गाळून टाकते आणि थांबून राहते. पण हेच मूळ चार-सहा दिवस तुंबलेल्या पाण्यात राहिले, तर कुजू लागते.

इथेच नवख्या माणसाची फसगत होते, कारण पाणी कमी पडले तरी शेवग्याची पाने पिवळी पडतात आणि जास्त झाले तरी पिवळीच पडतात. अशा वेळी बादली उचलण्यापूर्वी बुंध्यापासून फूटभर अंतरावर माती चार बोटे उकरून पाहावी. खाली ओल लागली, तर पाणी ताबडतोब बंद करावे आणि आळे मोडून पाण्याला बाहेर वाट करून द्यावी. फुलोऱ्याच्या तोंडावर तर शेवग्याला थोडा ताणच मानवतो. भरपूर पाणी आणि नत्र मिळालेले झाड पाल्याने डवरते, पण शेंगा मोजक्याच देते. कोकणात शेवगा लावायचाच असेल, तर उंचवट्यावर किंवा हात-दीड हात उंच मातीच्या ढिगावर लावावा आणि त्याला दिवसाचे सहा तास तरी थेट ऊन मिळेल हे पाहावे.

शेवग्याचा फाटा लावला तरी फुटतो, परंतु फाट्यापासून झालेल्या झाडाला तसे खोल सोटमूळ येत नाही आणि ते वादळात लवकर कलंडते. दुष्काळी भागात म्हणूनच बी लावणे श्रेयस्कर. तमिळनाडूतील पेरियाकुलम येथे विकसित झालेले पीकेएम-१ हे वाण बियांपासून लावले, तर साधारण सहा महिन्यांत शेंगा देऊ लागते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने शेवग्याचे ‘कोकण रुचिरा’ आणि अळूचे ‘कोकण हरितपर्णी’ अशी दोन्ही पिकांची वाणे दिली आहेत, ही कोकणातल्या परसबागेसाठी मोठीच सोय आहे.

छाटणीच्या बाबतीतही दोघांची तऱ्हा वेगळी आहे. अळूची बाहेरची जून पाने खुडत राहावीत आणि मधली गुंडाळलेली दोन-तीन पाने राखावीत, एवढेच त्याला पुरते. शेवग्याला मात्र कोयता लावावाच लागतो. त्याचे लाकूड ठिसूळ असते आणि मोकळे सोडलेले झाड एवढे उंच जाते, की शेंगा आकड्यालाही लागत नाहीत. रोप तीन-साडेतीन फुटांचे झाले की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात; पुढे दरवर्षी शेंगांचा हंगाम संपल्यावर फांद्या खाली आणाव्यात. त्यानंतर येणारी नवी पालवी पावसाळ्यात भाजीसाठी कोवळी मिळते, आणि सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला आंबोळीसोबत जी पाल्याची भाजी होते, ती याच पालवीची.

पावसाळ्यात दोघांवरही लक्ष ठेवावे लागते. शेवग्याच्या खोडावर सुरवंटांचे पुंजके बसतात. ते पसरण्यापूर्वीच पेटत्या पलित्याने किंवा साबणाच्या पाण्याने आवरावेत. अळूवर सततच्या पावसात करप्याचे गोल, तपकिरी डाग वाढत जातात. तशी पाने दिसताच काढून बागेबाहेर टाकावीत.

जागा एकच असेल, तर दोघे शेजारी नांदू शकतात, कारण शेवग्याची विरळ सावली अळूला मानवते. अट एवढीच, की शेवगा उताराच्या वरच्या अंगाला आणि अळू किमान सहा-सात फूट खाली असावे, म्हणजे अळूला घातलेले पाणी शेवग्याच्या बुंध्याकडे उलटे येणार नाही. शेवग्याचा ढीग मे महिन्यातच रचून ठेवावा आणि पहिल्या मोठ्या सरीनंतर पाणी कुठून वाहते आणि कुठे थांबते ते प्रत्यक्ष पाहून मगच अळकुड्यांची जागा ठरवावी.