टँकरचा सांधा

(पहाटेचे साडेपाच. नऱ्ह्यातल्या एका सोसायटीचं फाटक. टँकर मागे मागे घेत आत येतो. ड्रायव्हरशेजारचा पोरगा खाली उतरून "येऊ दे, येऊ दे" करतोय.)

गुरुवार म्हणजे दत्ताचा वार, उपासाचा वार, आणि पुण्यात पाणी न येण्याचा वार. बुधवारी पेपरात एक चौकोन छापून येतो. पर्वती जलकेंद्र, तातडीची देखभाल-दुरुस्ती, खालील भागांचा पाणीपुरवठा बंद राहील. आणि शेवटी ती ओळ, जी पुण्यातल्या पोरांना परवच्यासारखी पाठ असते: शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल.

मी नारायण पेठेत वाढले. आमच्याकडे गुरुवार म्हणजे मजाच असायची. आदल्या रात्री पिंप भरायचं, बादल्या भरायच्या, कुकरसुद्धा भरून ठेवायचा. शुक्रवारी नळ आधी फुसफुसायचा, मग गढूळ थुंकायचा, मग नीट वाहायला लागायचा. आई उरलेलं शिळं पाणी मोरीत ओतून द्यायची. शिळं! काल भरलेलं पाणी आमच्याकडे शिळं व्हायचं.

लग्नानंतर शहराच्या कडेला, नऱ्ह्यात आले. इथे सातही दिवस गुरुवार असतो.

(गच्चीवरून दिसणारा सिंहगड. मध्ये इमारती, पत्र्याची गोदामं, महामार्ग.)

आमच्या गच्चीवरून सिंहगड दिसतो. त्याच अंगाला खडकवासला, घरापासून दहा किलोमीटरच्या आत. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे २,८०० कोटी लिटरच्या वर. पुणेकराला टीएमसी समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्या गावांत लोक हवापाण्याच्या गप्पा मारतात, आम्ही जुलैत टीएमसीच्या मारतो. "किती झालं?" "बावीस." "मग झालं की." रिक्षावाल्यालाही आकडा ठाऊक असतो.

हे सगळं पाणी शहराचं नाही, हेही सांगायला हवं. मुठेचा उजवा कालवा खडकवासल्यातूनच निघतो आणि शहराच्या पोटातून हडपसरकडे, पुढे दौंड-इंदापूरकडे जातो. तिकडच्या शेताला उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी मिळाली, तर ऊस जगतो. दर वर्षी कालवा समितीची बैठक, दर वर्षी तेच भांडण. मी त्यात कुणाच्या बाजूने बोलू? माझी आत्या इंदापूरला आहे. ती फोनवर म्हणते, "तुम्ही गाड्या धुता आमच्या पाण्याने." मी म्हणते, "आत्या, माझ्याकडे भांडी धुवायला नाही." ती हसते. तिला खरं वाटत नाही. पुणं म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे माझ्या आईची मोरी येते.

(मेंटेनन्सच्या पावत्यांची फाइल. एका कागदावर बिल्डरचं हमीपत्र.)

सोसायटीत चाळीस फ्लॅट आहेत. उन्हाळ्यात रोज तीन टँकर लागतात, दहा दहा हजार लिटरचे. नळाचं पाणी येईपर्यंत पाणी आम्ही देऊ, असं बिल्डरने लिहून दिलं होतं. कागद आहे. बिल्डरचा फोनही आहे, वाजतोही. गाव २०२१ साली शहरात आलं, आमच्याबरोबर आणखी बावीस गावं आली. पत्त्यात पुणे आलं. पाणी टँकरनेच येत राहिलं.

आता आजीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय आमच्या घरात पाण्याचा विषय संपत नाही.

(नारायण पेठ. एका जुन्या वाड्याची भिंत, पुरुषभर उंचीवर फिकट झालेली रेघ.)

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण अजून पुरतं बांधून व्हायचं होतं आणि पाऊस थांबत नव्हता. मातीचा बांध खचतोय हे आदल्या दिवशीच कळलं होतं. लष्कराचे जवान रात्रभर त्यावर वाळूची पोती रचत होते. सकाळी बांध गेला. ते पाणी खाली खडकवासल्यात आलं आणि दुपारी खडकवासलाही फुटलं. पूर दिवसाउजेडी आला म्हणून माणसं वाचली, असं जुने लोक सांगतात. त्या पोत्यांनी जे काही तास मिळवून दिले, त्यांत पेठा रिकाम्या झाल्या.

आजीने शेगडीवर वरण ठेवलं होतं. रस्त्यावरून कुणीतरी ओरडत गेलं. तिने शेगडीत पाणी ओतलं, देवांचा डबा घेतला, दोन पोरांना धरलं आणि पर्वतीची वाट धरली. "शेगडी कशाला विझवलीस गं?" आम्ही दर वेळी विचारायचो. "घर पेटलं असतं तर?" ती म्हणायची. गावावर नदी चालून आली होती आणि हिला घर पेटायची भीती!

पुराच्या गोष्टी पुण्यात पुष्कळांकडे आहेत. लकडी पूल, गाळ, पोत्यात मोड आलेले गहू. आजी मात्र एक गोष्ट वेगळी सांगायची. "पूर एका दिवसाचा होता. पाणी नव्हतं ते किती तरी दिवस." धरण फुटलं, म्हणजे गावाचा नळही फुटला. दारातून पुरुषभर पाणी वाहून गेलं आणि प्यायला थेंब नाही. मग वाड्यातली विहीर आठवली. नळ आल्यापासून तिच्यात निर्माल्य पडत होतं. बायकांनी दोर लावून ती उपसली. आजी सांगायची, विहिरीतून निघालं काय काय: सुकलेले हार, एक पितळी फुलपात्र, आणि धाकट्या जावेची हरवलेली जोडवी, ज्यांच्यावरून सासूने वर्षभर मोलकरणीला बोल लावला होता.

(कात्रजचा तलाव. मग पेठेतला एक जुना हौद, आता चहूबाजूंनी दुचाकी लावलेल्या.)

त्याच्याही आधी पुण्याला कात्रजहून पाणी यायचं. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास तलाव बांधून घेतला, जमिनीखालून दगडी नळ आणला आणि पेठांत हौद बांधले. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास होते, नळातली हवा जायला. उतारावर, पंपाशिवाय पाणी गावात येत होतं. हे ऐकलं की आपल्याकडे लगेच छाती फुगते. मीही शाळेच्या निबंधात फुगवली होती. हौदावर कुणाला पाणी भरता यायचं आणि कुणाला लांबून ओंजळ धरून उभं राहावं लागायचं, हे त्या निबंधात नव्हतं. १८६८ साली गंज पेठेत जोतिराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. तो आजही फुलेवाड्यात आहे. शाळेची सहल शनिवारवाड्याला गेली होती, लाल महालाला गेली होती. तिथून गंज पेठ काही लांब नाही. तिकडे गेली नव्हती.

(दांडेकर पूल. आंबिल ओढ्याकाठची वस्ती, अरुंद बोळ, दारादारांत निळी पिंपं.)

माझ्या आईकडे कामाला येणाऱ्या मावशी दांडेकर पुलाजवळ राहतात. २७ सप्टेंबर २०१८ ला सकाळी जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटली. पाणी थेट खालच्या वस्त्यांत शिरलं. पाऊस नाही, ढग नाही, कडक ऊन. मावशी कामावर होत्या. परत गेल्या तेव्हा घराची एक भिंत होती, त्या भिंतीवर खुंटी होती आणि खुंटीवर मुलीचं दप्तर. बाकी काही नाही. तेव्हाच्या जलसंपदामंत्र्यांनी कारण सांगितलं: उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भिंत पोखरली. पुण्यात त्यावर महिनाभर विनोद चालले. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "घुशीचं तर आमच्याकडंही घर होतं, मग आमची भिंत कशी उभी राहिली इतकी वर्षं?"

कालवा त्यांच्या डोक्यावरून वाहतो, आणि त्यांच्या बोळात नळाला पाणी येतं ठराविक वेळेला. त्या वेळेला मावशी घरी लागतात. म्हणून त्या आईकडे दहाच्या आत येत नाहीत आणि म्हणून आई चिडते. एका शहरातल्या दोन नळांच्या वेळा जमत नाहीत, त्याचं भांडण या दोन बायकांत होतं.

(भिडे पूल पाण्याखाली. लकडी पुलावर गर्दी, मोबाइल वर धरलेले हात.)

भिडे पूल पाण्याखाली गेला की पुण्यात पावसाळा झाला म्हणायचा. लोक सहकुटुंब बघायला येतात, कणीस खातात. मीही जायचे. २५ जुलै २०२४ नंतर गेले नाही. त्या पहाटे खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढलं. माझी मैत्रीण तिथे राहते. तिला जाग आली ती पार्किंगमधल्या गाड्यांचे हॉर्न आपोआप वाजायला लागले म्हणून. आम्हाला कुणी सांगितलंच नाही, असं तिथले लोक अजून सांगतात. त्याच दिवशी पुलाची वाडीत हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तिघं जण गेले.

मग आला जानेवारी २०२५. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, आमचा नऱ्ह्याचा शेजार. गुलियन बॅरे हे आजाराचं नाव आधी उच्चारता येईना, मग रोजचं झालं. पायांतलं बळ जातं, हात उचलत नाहीत, कुणाला व्हेंटिलेटर लागतो. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. दूषित पाण्याकडे बोट गेलं, विहिरी तपासल्या, टँकर तपासले. आम्ही पाणी उकळायला लागलो. माझ्या मुलाला खेळताना पायाला मुंग्या आल्या तरी मी रात्रभर त्याचे तळवे दाबून बघत बसे. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, "आपला टँकर भरतो कुठून?" टँकरवर लिहिलेलं असतं 'पिण्याचे पाणी'. ते अक्षर इतकं सुबक असतं की इतकी वर्षं आम्हाला विचारावंसं वाटलं नव्हतं.

(पुन्हा पहाट. टँकरचा पाइप, सोसायटीची जमिनीखालची टाकी. कॅमेरा पाइपच्या सांध्यावर.)

हा सांधा नीट बघा. टँकरच्या तोंडाला रबरी पाइप जोडलाय. जोड घट्ट बसत नाही म्हणून त्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलीय, वर तार. तरी गळतं. टँकर रिकामा होईपर्यंत, पंधरा-वीस मिनिटं, तिथून करंगळीएवढी धार पडत राहते.

मागच्या मार्चमध्ये मी या धारेचा फोटो काढला आणि गटावर टाकला. लिहिलं, "आपण पैसे मोजतो आणि पाणी रस्त्यावर वाहतंय." एकोणीस अंगठे आले. सेक्रेटरींनी ड्रायव्हरला बोलावून झापलं. दुसऱ्या दिवशी नवा सांधा, पितळी, चकचकीत. एक थेंब सांडत नव्हता. मी खूश.

चार-पाच दिवसांनी लवकर उठले होते, दूध आणायला खाली गेले. वॉचमनकाकांची बायको टँकरपाशी उभी होती, हातात स्टीलचा हंडा. त्यांची खोली मीटररूमला लागून, पत्र्याची. तिला नळ नाही. हे मला माहीत होतं, पण पाणी त्या आणतात कुठून, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. टँकर चालू होता. सांधा कोरडा. त्या हंडा घेऊन तशाच उभ्या होत्या, जणू कुणाची तरी वाट बघताहेत. मला पाहून म्हणाल्या, "लवकर उठलात ताई आज?"

मी घरी गेले आणि फोटो पुन्हा बघितला. धारेवर नजर असल्यामुळे मला दिसलं नव्हतं. कोपऱ्यात, चाकामागे, हंड्याचा काठ आहे.

सेक्रेटरींशी बोलले. वॉचमनच्या खोलीला नळ द्यायचा तर मीटिंगमध्ये विषय घ्यावा लागेल, म्हणाले. विषय घेतला. एकाने विचारलं, "मग उद्या लिफ्टवाल्यालाही द्यायचा का?" पुढच्या मीटिंगला ढकलला. अजून ढकलतोय.

(टँकर. ड्रायव्हर चाकापाशी वाकलेला, हातात पाना.)

हे गेल्या आठवड्यातलं. मी खिडकीत होते. ड्रायव्हरने इकडे तिकडे बघितलं, पाना काढला आणि तो पितळी सांधा अर्धा फेरा सैल केला. धार लागली. हंडा खाली आला. दोघांपैकी कुणी काही बोललं नाही. हंडा भरला तसा त्याने पाना उलटा फिरवला.

गटावर त्या दिवशी कुणीतरी लिहिलं होतं, टँकरखाली ओल दिसते आहे, कुणी बघाल का? मी वाचलं आणि फोन ठेवून दिला.